चौदा फाइली आणि एक फिरती पीडीएफ: एका ओपन सोर्स प्रकल्पाच्या डॉक्सचं प्रकरण

पार्श्वभूमी

आमचं ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं सॉफ्टवेअर एकच काम करतं. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं मराठी मॅटर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, आणून देतं. डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावायच्या धंद्यात ज्यांनी दिवस काढलेत त्यांना यातली मेख सांगायला नको. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी वगैरे फॉन्ट वापरून केलेल्या जुन्या फाइलीत संगणकाच्या लेखी मराठी नसतंच. असतात ती रोमन अक्षरं आणि चिन्हं, त्यांच्यावर फॉन्टने देवनागरीचा मुखवटा चढवलेला. फॉन्ट बदलला की मॅटर फुटलं.

वरवर पाहिलं तर हे काम म्हणजे एक तक्ता: या चिन्हाच्या जागी ते अक्षर. पण ‘किती’मधली पहिली वेलांटी जुन्या फॉन्टमध्ये ‘क’च्या आधी टाइप होते आणि युनिकोडमध्ये ‘क’नंतर साठवली जाते. ‘सूर्य’मधला रफार जुन्या पद्धतीत ‘य’ झाल्यावर येतो, युनिकोडमध्ये पाय मोडलेला ‘र’ ‘य’च्या आधी. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य दोन वेगळ्या प्रकारे साठवता येतो आणि दोन्ही प्रकार डोळ्यांना सारखेच दिसतात. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली २००८ साली, त्याआधीच्या युनिकोड मजकुरात ‘अ’वर चंद्र चढवून काम भागवलेलं. त्यामुळे प्रत्येक फॉन्टकुटुंबाचा तक्ता वेगळा, आणि चुकीचा तक्ता लावला तर बाहेर जे येतं ते ना जुनं ना नवं.

प्रकल्प तिघं सांभाळत होतो. मी पुण्यात, एक मित्र नागपूरला, एक मैत्रीण कॅनडात. तिघांच्याही नोकऱ्या वेगळ्या. हे सगळं रात्री आणि रविवारी. प्रकल्पाचं आणि माणसांचं नाव इथे मुद्दाम गाळलं आहे.

आता डॉक्स, म्हणजे सॉफ्टवेअर कसं वापरायचं हे सांगणारा मजकूर. (‘दस्तऐवजीकरण’ हा शब्द मी एकदा वापरून पाहिला. मित्राने विचारलं, तहसील कचेरीत आहेस का?) तर डॉक्स चार ठिकाणी होते. पहिलं ठिकाण रीडमी, प्रकल्पाच्या दारातली पाटी. ती वाढत वाढत इतकी लांब झाली होती की तळाशी काय आहे हे आम्हालाही आठवत नसे. दुसरं विकी, तिथे कुणीही यावं आणि लिहावं. तिसरं, स्फिंक्स या साधनाने बांधलेलं आणि रीड द डॉक्स या सेवेवर ठेवलेलं संकेतस्थळ. स्फिंक्स मुळात पायथन भाषेच्या स्वतःच्या डॉक्ससाठी तयार झालं, आणि आमचा प्रकल्प पायथनमधलाच, म्हणून ते निवडलं. चौथा, मित्राने एका रविवारी केलेला वीस मिनिटांचा व्हिडिओ.

प्रत्येक ठिकाण उघडलं तेव्हा कारण चांगलंच होतं. रीडमी फुगला म्हणून विकी. विकीवर कुणीही काहीही लिहितं म्हणून संकेतस्थळ. संकेतस्थळ कुणी वाचत नाही म्हणून व्हिडिओ. नवं उघडताना जुनं बंद करायचं मात्र कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

पायथन २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० ला संपला. त्या निमित्ताने आम्ही सॉफ्टवेअर नव्याने लिहिलं आणि आवृत्ती २ काढली. तिच्यात दोन वागणुकी बदलल्या. आवृत्ती १ ला फोल्डर दिला की ती शेजारी नवा फोल्डर करून त्यात निकाल टाकायची. आवृत्ती २ मध्ये निकालाचा फोल्डर आपण सांगायचा, आणि नाही सांगितला तर मूळ फाइलीवरच लिहिलं जायचं. आवृत्ती १ फॉन्ट स्वतः ओळखायचा प्रयत्न करायची. आवृत्ती २ मध्ये फॉन्ट सांगावा लागे, न सांगितल्यास यादीतला पहिला तक्ता धरला जाई. दोन्ही बदल संकेतस्थळावर नीट लिहिले होते. संकेतस्थळावरच.

अडचण

दिवाळीला पाच आठवडे उरले असताना पुण्यातल्या एका पेठेतून फोन आला. दिवाळी अंकाचं काम करणारे डीटीपी ऑपरेटर, तीस वर्षं धंद्यात. पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरवर आयुष्य गेलेलं. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची, आणि तिला युनिकोड कळत नाही. त्या वर्षी संपादकांनी हट्टाने त्याच कामाचं नवं सॉफ्टवेअर, इनडिझाइन, घेतलं होतं, कारण अंक ई-बुक म्हणूनही काढायचा होता. घरून टाइप करून देणाऱ्या दोघीतिघी मात्र अजून जुन्याच फॉन्टमध्ये वर्डच्या फाइली पाठवत होत्या. चौदा लेख, तीन वेळा प्रूफ पाहून झालेले, दुरुस्त्या फाइलीत घेतलेल्या. आता फक्त कन्व्हर्ट मारायचं आणि पानं लावायची.

“अहो सर, तुमच्या कागदावर लिहिलंय तस्संच केलं मी,” ते म्हणाले. “सगळं मॅटर फुटलंय. आणि मूळ फाइलीच राहिल्या नाहीत.”

मी विचारलं, कुठला कागद? त्यांनी व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवली. विकीच्या एका पानाची प्रिंट. पान आवृत्ती १ च्या काळातलं. कुणीतरी भल्या माणसाने ते पीडीएफ करून डीटीपीवाल्यांच्या ग्रुपवर टाकलं होतं आणि तिथून ते पुढे पुढे गेलं होतं. वरती हाताने लिहिलेलं: ‘१००% चालते’.

त्यातली आज्ञा आवृत्ती २ ला दिली की ती निमूटपणे चालत होती. चूक दाखवून थांबली असती तर काही बिघडलं नसतं. निकालाचा फोल्डर सांगितलेला नाही, म्हणून मूळ फाइलीवर लिहिलं. फॉन्ट सांगितलेला नाही, म्हणून पहिला तक्ता लावला, तो यांच्या फॉन्टचा नव्हताच. ज्या चिन्हांना तक्त्यात जोडी नव्हती ती गाळून टाकली. ही तिसरी गोष्ट तर आम्ही कुठल्याच ठिकाणी लिहिलेली नव्हती.

आदल्या रात्रीची पेन ड्राइव्हवरची प्रत होती, पण तिच्यात तिसऱ्या प्रुफाच्या दुरुस्त्या नव्हत्या.

त्या रात्री फाइली वाचवणं हे पहिलं काम होतं, ते थोडक्यात सांगतो. चुकीचा तक्ता उलटा फिरवायचा, म्हणजे युनिकोडमधून परत जुन्या चिन्हांकडे जायचं, आणि मग बरोबर तक्ता लावायचा. जुन्या फॉन्टमध्ये एकाच वेलांटीची रुंद-अरुंद अशी बरीच रूपं असतात आणि ती सगळी युनिकोडमध्ये एकच होतात, त्यामुळे उलटं जाताना नेमकं कुठलं रूप होतं हे कळत नाही. बरोबर तक्त्यातही ती एकाच अक्षराची रूपं असतील तर काही बिघडत नाही. पण चुकीच्या तक्त्याने एकत्र केलेली चिन्हं बरोबर तक्त्यात वेगळी अक्षरं असतील तर मात्र घोटाळा. शिवाय जिथे चिन्हं गाळली गेली तिथे भोकंच. नऊ लेख वाचण्याजोगे परत आले. पाच आले नाहीत. त्या पाचांना कागदाने तारलं. प्रूफवाल्या बाईंनी पेन्सिलने दुरुस्त केलेले गठ्ठे टेबलाखाली खोक्यात होते, रद्दीत जायचे राहिले होते. दोन दिवस बसून दुरुस्त्या पुन्हा घेतल्या. अंक वेळेवर निघाला.

कोणते मार्ग समोर होते

दुसऱ्या रात्री आम्ही तिघं बोलायला बसलो. मित्राचं पहिलं वाक्य: “चूक डॉक्सची आहे, सॉफ्टवेअर बरोबर चाललंय.” मैत्रिणीचं त्यावर: “जे सॉफ्टवेअर न विचारता मूळ फाइल खातं ते बरोबर कसं?” पुढचे दोन तास याच दोन वाक्यांभोवती गेले.

पहिला मार्ग डागडुजीचा. विकीचं पान दुरुस्त करायचं, सगळीकडे लाल चौकटीत इशारा टाकायचा. एका संध्याकाळचं काम. पण ऑपरेटरकाकांनी विकी पाहिलीच नव्हती. त्यांच्याकडे पीडीएफ होती, आणि ती परत बोलावता येत नाही. डॉक्सबद्दल बोलताना आपण धरून चालतो की वाचणारा आपल्या दारात येऊन वाचतो. इथे वाचणारा कधी आलाच नव्हता, कागद त्याच्याकडे गेला होता. हा मुद्दा त्या रात्री मैत्रिणीने मांडला आणि नंतरचे बहुतेक निर्णय त्यावरच फिरले.

दुसरा मार्ग सगळं नव्याने लिहिण्याचा. मित्राला हा फार आवडला होता. दानिएले प्रोचिदा यांनी मांडलेली ‘डायटॅक्सिस’ ही पद्धत त्याने नुकतीच वाचली होती. तिच्यात डॉक्सचे चार प्रकार करतात: शिकवणारे धडे, एखादं काम कसं करायचं ते सांगणारी पानं, संदर्भासाठीची नेमकी माहिती, आणि कारणमीमांसा. चारांची सरमिसळ करायची नाही. पद्धत चांगली आहे, मला पटते. पण दोन वर्षांपूर्वी आम्ही असंच ‘सगळं नव्याने’ म्हणून सुरू केलं होतं आणि निम्म्यात सोडलं होतं. विकी जिवंत असताना संकेतस्थळ आलं ते असंच. पुन्हा निम्म्यात सुटलं तर पाचवं ठिकाण तयार होणार.

तिसरा, पैसे देऊन लिहून घेण्याचा. गूगलने २०१९ साली ‘सीझन ऑफ डॉक्स’ सुरू केला तो तांत्रिक लेखकांना ओपन सोर्स प्रकल्पांशी जोडण्यासाठीच. त्यावर फार वेळ घालवला नाही. लेखकाला रोज उत्तरं द्यायला आमच्यातलं कुणीतरी मोकळं हवं, ते नव्हतं. शिवाय बाहेरचा माणूस नवी पानं लिहील. आमची जुनी पानं पुसायचा अधिकार त्याला कोण देणार?

चौथा मार्ग डॉक्सला हात न लावता सॉफ्टवेअर बदलण्याचा. मूळ फाइलीवर लिहिणं बंद. ज्याला तेच हवंय त्याने तसं स्पष्ट सांगावं. पीडीएफमधली आज्ञा जशीच्या तशी दिली तर काहीही न करता थांबायचं.

इथे एक खरा पेच होता. आवृत्तीच्या क्रमांकांबद्दल आमचा रिवाज असा की वागणूक मोडणारा बदल पहिल्या आकड्यात दिसला पाहिजे, म्हणजे २ ची ३. पण आवृत्ती ३ म्हटली की तिच्यात आणखी चार गोष्टी घालायचा मोह होतो आणि ती सहा महिने निघत नाही. दिवाळी पाच आठवड्यांवर, आणि या काळात किती जण ती पीडीएफ उघडणार होते याचा अंदाज नव्हता. मित्र नियमावर अडून बसला, आणि त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं: कुणाची तरी रात्री आपोआप चालणारी स्क्रिप्ट याच वागणुकीवर उभी असेल.

मी म्हटलं, डेटा जातोय, म्हणजे हा दोष आहे. दोषाच्या दुरुस्तीला नवा मोठा आकडा लागत नाही. आज विचार करताना वाटतं की मी त्या रात्री जिंकलो ते मुद्द्यावर कमी आणि ऑपरेटरकाकांच्या फोनमुळे जास्त.

काय केलं

सॉफ्टवेअर दोन दिवसांत बदललं. मूळ फाइलीवर लिहायला आता वेगळा पर्याय द्यावा लागे. फॉन्ट न सांगितल्यास सॉफ्टवेअर थांबे. तक्त्यात नसलेली चिन्हं गाळण्याऐवजी त्या जागी युनिकोडचं काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह येई, म्हणजे भोक निदान दिसे.

थांबताना संदेश काय द्यायचा यावर आम्ही मन लावून काम केलं. छान मराठीत लिहिला: मूळ फाइलीवर लिहायचं असेल तर तसं सांगा, नाहीतर निकालासाठी वेगळा फोल्डर द्या. मी तो घेऊन ऑपरेटरकाकांच्या दुकानात गेलो. त्यांच्या विंडोजच्या काळ्या खिडकीत तो उमटला तो असा: एका ओळीत चौकोनच चौकोन. त्या जुन्या कन्सोलला देवनागरी जोडता येत नाही. देवनागरीसाठी हयात घालवलेल्या सॉफ्टवेअरला स्वतःचं एक वाक्य देवनागरीत बोलता येईना. काका हसले, मीही हसलो, मग रोमन लिपीत मराठी लिहिलं आणि शेवटी एका पानाचा छोटा पत्ता दिला. त्या पानाला आम्ही आपसात ‘थांबलं पान’ म्हणतो. सगळ्या डॉक्समधलं सगळ्यात जास्त काळजीने लिहिलेलं पान तेच.

त्याच भेटीत मी काकांना संकेतस्थळावरचं सुरुवातीचं पान दिलं आणि गप्प बसून पाहिलं. पहिली ओळ होती ‘टर्मिनल उघडा’. “कुठलं टर्मिनल?” दुसरी ओळ: ‘इनपुट डिरेक्टरी द्या’. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मॅटरचा फोल्डर. “मग तसं लिहा ना!” चाळीस मिनिटांत पान संपलं नाही. मी वहीत अकरा ठिकाणं टिपली जिथे ते अडले, आणि त्यातल्या एकाही ठिकाणी माहिती चुकीची नव्हती. सगळी बरोबर होती आणि त्यांच्या उपयोगाची नव्हती.

यानंतर आम्ही आवरायला घेतलं. चारही ठिकाणच्या प्रत्येक पानाची एका तक्त्यात नोंद केली: पान कशाबद्दल आहे, हीच गोष्ट आणखी कुठे लिहिली आहे, शेवटचा हात कधी लागला, आणि पुसलं तर कोण रडेल. ‘निकाल कुठे जातो’ एवढी एक गोष्ट सात ठिकाणी होती, तीन वेगवेगळ्या उत्तरांसह. गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळाने २०१७ साली केलेल्या सर्वेक्षणात ९३ टक्के लोकांनी अपुऱ्या किंवा जुनाट डॉक्सची तक्रार केली होती. आम्ही त्यातला ‘अपुऱ्या’ हा शब्द मनात धरून वर्षानुवर्षं नवी पानं लिहीत बसलो होतो. आमच्याकडे डॉक्स कमी नव्हते, जास्त होते.

म्हणून नियम केला की पहिले दोन महिने नवं पान लिहायचं नाही, फक्त पुसायचं आणि जोडायचं. रीडमी एका पडद्यात मावेल एवढा केला: हे काय आहे, कसं बसवायचं, पुढचं कुठे वाचायचं. विकी बंद केली. तिथल्या पानांवरून नव्या जागी आपोआप ढकलण्याची सोय गिटहबच्या विकीत नाही, म्हणून एकच पान उरवलं आणि त्यात संकेतस्थळाचा पत्ता टाकला. रीड द डॉक्सवर जुन्या आवृत्त्यांची पानंही जिवंत राहतात, आणि शोधयंत्रं लोकांना त्यांच्यावर नेऊन सोडतात. आवृत्ती १ च्या प्रत्येक पानावर डोक्याशी पट्टी लावली की हे जुनं आहे. व्हिडिओ काढून टाकला. मित्राने तो स्वतः काढला, काही न बोलता.

भाषेचा निर्णय वेगळा घ्यावा लागला. संकेतस्थळ इंग्रजीत होतं, वापरणारे मराठी. रूढ मार्ग असा की मूळ इंग्रजी ठेवायचं आणि गेटटेक्स्ट या भाषांतराच्या साधनाच्या फाइलींतून वाक्यागणिक भाषांतर करायचं. पायथनच्या डॉक्सची फ्रेंच, जपानी भाषांतरं अशीच चालतात. पण मूळ वाक्य बदललं की भाषांतराला ‘संशयित’ अशी खूण लागते, आणि कुणी तपासेपर्यंत स्फिंक्स तिथे इंग्रजी वाक्य दाखवतं. मोठ्या चमूला हे परवडतं. आमच्या हाती दोन महिन्यांत अर्धं मराठी अर्धं इंग्रजी पान आलं असतं. तेव्हा तीनच पानं मराठीत, आणि ती मुळातच मराठीत लिहायची असं ठरलं: पहिल्यांदा वापरताना, फॉन्ट कसा ओळखायचा, आणि थांबलं पान. बाकी संदर्भाची माहिती इंग्रजीतच राहिली. ती वाचणारे प्रोग्रामरच होते.

शेवटी, पानं पुन्हा शिळी होऊ नयेत याची तजवीज. डॉक्समधली प्रत्येक आज्ञा वेचून ती एका तात्पुरत्या फोल्डरात खरोखर चालवून पाहणारी छोटी स्क्रिप्ट मैत्रिणीने लिहिली. कोडमध्ये कुठलाही बदल आला की ती चालते, आणि पानावर लिहिलेला निकाल आला नाही तर बदल आत घेतला जात नाही. त्यासाठी एक नमुना वाक्य लागलं, ज्यात सगळी अवघड अक्षरं असतील. बरीच भांडणं होऊन हे ठरलं: ‘दुसऱ्या किनाऱ्यावर सूर्य मावळला आणि ॲना हॉटेलात गेली.’ त्यात ऱ्य आहे, पहिली वेलांटी आहे, रफार आहे, ‘ॲ’ आहे, ‘ऑ’चा चंद्र आहे आणि मराठीचा ‘ळ’ आहे. ॲना कोण हे आजवर ठरलेलं नाही.

काय निष्पन्न झालं

मूळ फाइलीवर लिहिलं गेल्याची तक्रार त्यानंतर आली नाही. डॉक्समधल्या आज्ञा चालवून पाहणाऱ्या स्क्रिप्टने पहिल्याच महिन्यात आम्हाला दोनदा पकडलं, दोन्ही वेळा चूक माझी.

पण फुकट काही झालं नाही. आम्ही बदललेलं सॉफ्टवेअर बाहेर काढलं त्याच आठवड्यात एका स्वयंसेवकाचा मेल आला. तो जुनी नियतकालिकं युनिकोडमध्ये आणत होता आणि त्याची स्क्रिप्ट रोज रात्री मूळ फाइलींवरच लिहायची. प्रती त्याच्याकडे वेगळ्या असत. चार रात्री स्क्रिप्ट नुसती थांबून राहिली होती आणि त्याला कळलं पाचव्या दिवशी. त्याचा राग बरोबर होता. मित्राने ‘मी म्हणालो होतो’ असं म्हटलं नाही, त्याबद्दल त्याचे आभार मानायचे माझ्याकडून राहूनच गेले.

विकी पुसताना दुसरी चूक झाली. तिथे एका माणसाने एका जुन्या फॉन्टच्या सगळ्या चिन्हांचा तक्ता हाताने बनवून ठेवला होता, कित्येक रात्री घालवून. आम्ही तो कोडमध्ये घेतलेला होता, म्हणून नोंदीत ‘दुबार’ असा शेरा मारून पान काढलं. विकी ही आतून गिटची, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनाचीच असते, इतिहास शाबूत राहतो, पुसलेलं पान कधीही परत काढता येतं. हे सगळं त्याला समजावलं. त्याने एकच लिहिलं: “मला आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.” तो परत आला नाही.

‘वागणूक बदललीत तर डॉक्सही बदला, नाहीतर बदल घेणार नाही’ हा नियमही आम्ही केला होता. कागदावर शहाणा नियम. नव्याने येणारी मुलं एक ओळीची दुरुस्ती घेऊन यायची, आम्ही म्हणायचो आता पान पण लिहा, आणि ती गप्प व्हायची. काहींना इंग्रजीत लिहायची भीती, काहींना कुठलं पान तेच कळायचं नाही. तीन महिन्यांनी नियम असा बदलला: डॉक्स बदललेच पाहिजेत, पण कोडवाल्याला जमत नसेल तर आमच्यापैकी एकाने त्याच दिवशी लिहायचे, आणि त्याने मराठीत दोन ओळींत सांगितलं तरी चालेल.

पुन्हा करायचं झालं तर

आकड्याचा वाद मी आज वेगळा सोडवीन. मूळ फाइलीवर लिहिणं थांबवायची घाई योग्यच होती, पण थांबवण्याऐवजी लिहिण्याआधी शेजारी मूळ फाइलीची प्रत ठेवता आली असती. पीडीएफवाल्याच्या फाइली वाचल्या असत्या आणि रात्रीची स्क्रिप्टही चालत राहिली असती. त्या रात्री हा पर्याय तिघांपैकी कुणालाच सुचला नाही, कारण आम्ही ‘डॉक्स की सॉफ्टवेअर’ यावर भांडत होतो. डिस्क भरेल असा आक्षेप नंतर एकाने घेतला. टेक्स्टच्या आणि वर्डच्या फाइलींनी भरून भरून किती भरणार?

पान पुसण्याआधी ते लिहिणाऱ्याला फोन करायचा. नोंदीच्या तक्त्यात ‘कोण रडेल’ हा रकाना होता. आम्ही तो वापरणाऱ्यांचा विचार करून भरला, लिहिणाऱ्यांचा नाही.

दुकानात जाऊन बसणं ही सगळ्यात स्वस्त गोष्ट होती आणि ती आम्ही सहा वर्षांत पहिल्यांदा केली, तीही अपघात झाल्यावर. आवृत्ती २ काढण्याआधी एका दुपारी गेलो असतो तर ‘इनपुट डिरेक्टरी’वरच सगळं समजलं असतं.

आणि पीडीएफ. ती अजून फिरते आहे. आम्ही नवी पीडीएफ काढून त्याच ग्रुपवर टाकली, ऑपरेटरकाकांनी स्वतः टाकली, वर ‘जुनी वापरू नये’ असं लिहून. पुढच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर सांगलीहून फोन आला. आवाज चढलेला. “तुमचं सॉफ्टवेअर चालत नाही. कागदावर लिहिलंय तसं केलं, तर नुसतं थांबतंय.”

मी विचारलं, कागदाच्या वर काय लिहिलंय?

“१००% चालते.”

“आणि फाइली?”

“फाइलींना काय झालंय? आहेत की जागेवर.”